तोरायाचं योकान आणि जुन्या घराण्यांची जपानी मिठाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानहून परतलेल्या नातेवाइकाने हातात ठेवलेलं लांबट, जडसर पाकीट उघडलं की प्रश्न सुरू होतात. हे काय आहे? यात अंडं आहे का? कापायचं कसं? जपानला निघालेल्यांचे प्रश्न वेगळे: कुठल्या दुकानात जावं, काय आणावं, ते टिकेल का. या पानावर क्योतोच्या तोराया या घराण्याला मध्यभागी ठेवून उत्तरं दिली आहेत. ते दुकान जुनं आहे म्हणून आणि त्याहून जास्त या कारणासाठी, की त्यांनी आपल्या धंद्याचे कागद शतकानुशतकं जपले. त्यामुळे दंतकथेवर विसंबावं लागत नाही. दुसऱ्या दुकानांची गोष्ट जिथे सांगायलाच हवी, तिथे ती सांगितली आहे.

तोराया म्हणजे नेमकं कोण?

कुरोकावा घराण्याची मिठाईची पेढी. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, मुरोमाची काळाच्या अखेरीस, ती क्योतोत सुरू झाली. सम्राट गो-योझेइ यांच्या कारकिर्दीपासून (1586 ते 1611) राजवाड्याला मिठाई पुरवण्याचं काम तिच्याकडे आहे. 1869 मध्ये सम्राटांचा मुक्काम क्योतोहून टोकियोला हलला, तेव्हा क्योतोचं दुकान चालू ठेवून तोरायाने टोकियोतही दुकान मांडलं. आजचं मुख्यालय टोकियोच्या आकासाका भागात आहे. 2020 मध्ये सतरावे वारस मित्सुहिरो कुरोकावा यांच्याकडून अठरावे मित्सुहारू कुरोकावा यांनी सूत्रं घेतली.

नावातला 'तोरा' म्हणजे वाघ. बिशामोन्तेन या देवतेवर घराण्याची श्रद्धा होती आणि वाघ त्या देवतेशी जोडलेला, त्यावरून हे नाव आलं असं मानतात. बिशामोन्तेन म्हणजे आपला वैश्रवण, अर्थात कुबेर. पाकिटावरचा वाघ त्याचाच.

जपानमधलं सगळ्यात जुनं मिठाईचं दुकान हेच का?

नाही. क्योतोतच इमामिया देवळाच्या पूर्वेकडच्या दाराशी इचिमोन्जिया वासुके हे दुकान आहे. ते आपली सुरुवात इसवी सन 1000 ची सांगतं आणि आजही एकच पदार्थ विकतं: बांबूच्या काडीला लावलेले मोचीचे (चिकट तांदूळ कुटून केलेल्या मऊ गोळ्याचे) छोटे तुकडे, कोळशावर भाजून पांढऱ्या मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाच्या) गोड रसात बुडवलेले. समोरच काझारिया हे दुसरं जुनं दुकान, तिथेही हाच पदार्थ. क्योतोला गेलात तर दोन्हीकडे एकेक ताटली खाऊन बघा.

योकान म्हणजे काय?

आझुकी नावाच्या लाल कडधान्याचं वाटण, साखर आणि कानतेन घोटून, साच्यात ओतून घट्ट केलेली वडी. कानतेन म्हणजे समुद्रशेवाळापासून काढलेला पदार्थ, आपल्याकडे किराणा दुकानात 'चायना ग्रास' म्हणून मिळतो तोच. तोरायाच्या प्रसिद्ध योकानच्या वेष्टनावर घटक तीनच आहेत: साखर, आझुकी, कानतेन. दूध नाही, तूप नाही, वेलची-केशर नाही, रंग नाही.

आझुकी हे मूग, उडीद, मटकी आणि चवळीच्याच कुळातलं कडधान्य आहे. तोराया ते होक्काइदोहून आणते. ते शिजवून, साल काढून, धुऊन, पिळून जे मऊ वाटण उरतं त्याला 'आन' म्हणतात. जपानी मिठाईचा पायाच हा. सालं काढलेलं गुळगुळीत वाटण कोशिआन, दाणे तसेच ठेवलेलं त्सुबुआन. कडधान्य शिजवण्यापासून वडी पाकिटात जाईपर्यंत तोरायात सुमारे तीन दिवस लागतात, आणि त्यातला बराच वेळ एका गोष्टीकडे लक्ष देण्यात जातो: घोटणं नेमकं कुठे थांबवायचं. लवकर थांबलं तर वडी थलथलीत होते, उशिरा थांबलं तर दाताला चिकटते.

या पदार्थाची कुळकथा चीनमधली. तिथे तो मेंढीच्या मांसाचा रस्सा होता. झेन भिक्षूंबरोबर तो जपानात आला. भिक्षू मांस खात नसल्यामुळे त्यांनी आझुकी आणि पीठ वापरून त्याची शाकाहारी नक्कल केली. नाव मात्र राहिलं, म्हणून फोनवरचं भाषांतराचं ॲप कधीकधी योकानच्या पाकिटावर 'मेंढी' असं दाखवतं. घाबरू नका. सुरुवातीला योकान वाफवत. सतराव्या शतकात कानतेन हाताशी आलं आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आजचं घोटलेलं योकान रूढ झालं.

'योरु नो उमे' हे नाव कशावरून?

'रात्रीचा उमे' असा अर्थ. उमे हे जपानमधलं वसंताच्या अगदी सुरुवातीला, थंडी असतानाच फुलणारं झाड. फुलं लहान, पांढरी, सुवासिक.

तोरायाचं हे सगळ्यात नावाजलेलं योकान. बाहेरून बघितलं तर साधी काळपट वडी. सुरी ओली करून एक काप काढा आणि काप उजेडात आडवा धरा. वडीत अख्खे दाणे पेरलेले असतात आणि सुरीने ते मधोमध चिरले जातात. काळ्याभोर कापावर दाण्यांचा फिकट गर ठिपक्याठिपक्यांनी उमटतो, एखादा पूर्ण गोल, एखादा अर्धाच. अंधारात झाड दिसत नाही, फुलं तेवढी जाणवतात, ते हे चित्र. हे नाव तोरायाच्या कागदपत्रांत सतराव्या शतकाच्या अखेरीपासून आहे आणि योकानचं नाव म्हणून 1819 पासून.

म्हणूनच योकान चाव्याने तोडून खाऊ नये असं मला मनापासून वाटतं. कापाची जाडी साधारण एक सेंटिमीटर ठेवा. त्याहून पातळ केलात तर दाणे निखळतात, जाड केलात तर गोडी अंगावर येते. लहान, एकट्याने खायच्या पाकिटाची गोष्ट वेगळी: ते 1930 पासून निघतं आणि प्रवासात सोलून खाण्यासाठीच आहे.

मी शाकाहारी आहे. सगळं निर्धास्त खाऊ का?

बरंचसं हो, सगळं नाही. जपानमध्ये शाकाहारी माणसाची जेवणात पंचाईत होते, कारण माशाचा अर्क जिथेतिथे असतो. मिठाईच्या दुकानात मात्र तो सहसा नसतो. योकान, नेरिकिरी (रंगीत वाटणाला फुला-पानांचा आकार दिलेली ताजी मिठाई), मोनाका (तांदळाच्या कुरकुरीत कवचात भरलेलं वाटण), कोरडी साखरेची मिठाई हे बहुतेक वेळा पूर्ण वनस्पतिजन्य. दूध न पचणाऱ्यांनाही चालतं.

अंडं असतं ते कासुतेरा या केकमध्ये, दोरायाकीच्या (आत वाटण भरलेल्या केकसारख्या जोडचकत्यांच्या) चकत्यांमध्ये आणि पिवळ्या बलकाचं वाटण घातलेल्या 'किमी' नावाच्या प्रकारांत. आधुनिक, फळं घातलेल्या जेलीत जिलेटिनही असू शकतं. दुकानात थेट विचारा: "तामागो हाइत्ते इमासु का?" म्हणजे अंडं आहे का. जुन्या दुकानातली माणसं अंदाजाने उत्तर देत नाहीत. खात्री नसेल तर आत जाऊन विचारून येतात.

जैन मंडळींनी एक लक्षात ठेवावं: पांढऱ्याशुभ्र, मऊ 'जोयो' मान्जूच्या (वाटण भरून वाफवलेल्या गोळ्याच्या) पारीत किसलेला कंद असतो आणि नववर्षाच्या हानाबिरा-मोचीत गोड पाकातली गोबो नावाची मुळी असते. योकानमध्ये कंदमूळ नसतं, अर्थात रताळ्याचं योकान सोडून.

फारच गोड लागतं. माझंच काही चुकतंय का?

योकान गोड आहेच, वेष्टनावर पहिला घटक साखर असतो. पण ते मोठा तुकडा तोंडात टाकून खायची वस्तू नाही. दोन काप आणि बिनसाखरेचा हिरवा चहा, एवढाच घास गृहीत धरून ते केलेलं आहे. चहाशिवाय खाल्लं तर निम्मीच चव कळते. हिरवा चहा नसेल तर कोरा, बिनसाखरेचा काळा चहा किंवा कॉफीही चालते. आल्याच्या दुधाळ, गोड चहाबरोबर मात्र खाऊ नका, दोन्ही वाया जातात.

आणखी एक: आपल्याला गोडाबरोबर तुपाचा, वेलचीचा वास अपेक्षित असतो. इथे वास जवळजवळ नाहीच. जीभ थोडी थांबली की कडधान्याची स्वतःची, किंचित मातकट चव पुढे येते. ती सापडली की माणूस या मिठाईत अडकतो.

जपानमध्ये मोदक मिळतो हे खरं का?

मोदकाचा दूरचा नातेवाईक मिळतो, आणि तो खरोखर नातेवाईक आहे. आपला गणपती बौद्ध परंपरेतून चीनमार्गे जपानला पोचला. तिथे तो कांगितेन किंवा शोतेन या नावाने पुजला जातो. बऱ्याच ठिकाणी त्याची मूर्ती आलिंगन दिलेल्या दोन हस्तिमुखी देवतांची असते आणि ती सहसा दर्शनासाठी उघडत नाहीत. टोकियोत आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन हे त्याचं देऊळ आहे. तिथे मुळा वाहतात आणि देवळात जागोजागी मुळा व पुरचुंडी ही चिन्हं कोरलेली आहेत.

या देवाच्या नैवेद्याची मिठाई म्हणजे कांकिदान. चीनला गेलेल्या जपानी वकिलातींबरोबर आणि बौद्ध धर्माबरोबर नारा काळात (आठव्या शतकात) जे तळलेले पिठाचे प्रकार जपानात आले, त्यांपैकी हा एक. क्योतोच्या गिओन भागात यासाका देवळाच्या पायऱ्यांजवळ कामेया कियोनागा हे 1617 पासूनचं दुकान ही मिठाई अजून करतं. पूर्ण नाव 'सेइजो कांकिदान'. त्यातलं 'सेइजो' म्हणजे शुद्ध. करणारे कारागीर आधी स्वतःची शुद्धी करतात. आपल्याकडच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखाच हा नियम, आणि ही कृती हिएइ पर्वतावरच्या तेंदाइ पंथाच्या भिक्षूकडून दुकानाला मिळाली असं ते सांगतात.

दिसायला ती तोंड आवळलेली पुरचुंडी. तांदळाच्या आणि गव्हाच्या पिठाची पारी, आत सारण, वर आठ मुरडी. त्या आठ मुरडी आठ पाकळ्यांचं कमळ आहेत. मोदकाच्या कळ्या ज्यांनी पाडल्या आहेत त्यांना हातात घेताक्षणी बोटांची हालचाल ओळखीची वाटते. ती उकडत नाहीत, तिळाच्या तेलात सावकाश तळतात, जवळजवळ वीस मिनिटं. त्यामुळे पारी चांगलीच कडक असते. पूर्वी सारणात चेस्टनट, पर्सिमॉन, जर्दाळू अशी फळं असत, एदो काळाच्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) मध्यापासून आझुकीचं वाटण आलं. त्या वाटणात चंदन, दालचिनी, कापूर अशा सात सुगंधी द्रव्यांची पूड असते.

चवीबद्दल आधीच सांगून ठेवते: पहिल्या घासाला देवघरात आल्यासारखा वास येतो. उदबत्ती खाल्ल्यासारखं वाटून काहीजण तिथेच थांबतात. थांबू नका. दुकानाचाच सल्ला आहे की थोडी गरम करून खावी. ओव्हनमध्ये गरम केल्यावर तेल मऊ होतं, पारी खुसखुशीत लागते आणि सुगंध नाकातून तोंडात उतरतो. मोदकाची चव शोधत गेलात तर निराश व्हाल. शेकडो वर्षं आणि तीन देश ओलांडून आलेला नैवेद्य म्हणून खाल्लात तर नाही.

गोव्याचा आणि जपानी मिठाईचा काही संबंध आहे का?

आहे, कोम्पेइतो या साखरेच्या काटेरी दाण्यांच्या निमित्ताने. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जेझुइट धर्मप्रसारक जपानला जायचे ते गोव्याहून. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये कागोशिमाला उतरले. लुइस फ्रोइश 1548 मध्ये गोव्याला आले, पुढे 1563 मध्ये जपानला पोचले. 1569 मध्ये त्यांनी ओदा नोबुनागा या सरदाराला भेटीत काचेच्या भांड्यातून साखरेचे दाणे दिले. पोर्तुगीज 'कोन्फेइतो'चं ते जपानी कोम्पेइतो. साखर तेव्हा जपानात दुर्मिळ होती, त्यामुळे ही भेट लहान नव्हती.

कोम्पेइतो म्हणजे अगदी संक्रांतीचा काटेरी हलवाच. आतला बारीक कण गरम, फिरत्या कढईत ठेवून त्यावर थोडा थोडा पाक सोडत जायचा, दाणे एकमेकांवर आपटत राहतात आणि काटे फुटत जातात. हलवा बायका परातीत बोटांनी करतात, तिथे मोठी तिरकी कढई असते आणि एका घाण्याला दोन आठवडे लागतात. क्योतोचं र्योकुजुआन शिमिझु हे 1847 पासूनचं दुकान फक्त कोम्पेइतोच करतं. राजघराण्याच्या समारंभात पाहुण्यांना छोट्या चांदीच्या डबीतून कोम्पेइतो देण्याची प्रथा आहे.

दुकानात दर वेळी वेगळीच मिठाई का दिसते?

कारण ताजी मिठाई ऋतूची असते. तोरायात ताजे प्रकार साधारण दर पंधरवड्याला बदलतात. तुम्ही फोटो बघून गेलात आणि तो प्रकार नसेल तर हट्ट धरू नका, पुढच्या वर्षी त्याच दिवसांत या.

किन्तोन या प्रकारात हे सगळ्यात छान दिसतं. वाटणाचा एक गोळा घेतात. दुसरं रंगीत वाटण चाळणीवर दाबून त्याचे बारीक शेव पाडतात आणि टोकदार काड्यांनी एकेक करून गोळ्यावर लावतात. हात जड पडला की शेव चेपतात आणि मिठाई मेलेली दिसते. हलका पडला तर गळून जातात. एप्रिलमध्ये गुलाबी-पांढरे शेव लावले की तो चेरीच्या फुलांनी भरलेला डोंगर, नोव्हेंबरमध्ये लाल-पिवळे लावले की पानगळ, जानेवारीत पांढरे लावले की बर्फ. कृती तीच, आकारही तोच. फक्त रंग आणि नाव बदलतं. त्या मिठाईचं नाव विचारून घ्या, विक्रेते आनंदाने सांगतात. नाव ऐकल्यावर ताटलीतलं चित्र पूर्ण होतं.

सणांचंही तसंच. 3 मार्चला मुलींच्या सणाला शंकरपाळ्याच्या आकाराची तिरंगी मोची, 5 मेला ओकच्या पानातली काशिवा-मोची, 30 जूनला क्योतोत मिनाझुकी ही त्रिकोणी मिठाई, विषुवाच्या आठवड्यात पितरांसाठी ओहागी, म्हणजे वाटणात गुंडाळलेले भाताचे गोळे. 16 जूनला 'काजो' हा मिठाईचा सण असतो. रोगराई टळावी म्हणून 848 मध्ये सम्राट निन्म्यो यांनी देवाला मिठाई वाहिली, त्याची ही आठवण. एदो काळात शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी शासक, या दिवशी आपल्या सरदारांना किल्ल्याच्या दिवाणखान्यात वीस हजारांहून अधिक मिठाया मांडून वाटत असे. 1979 पासून हाच दिवस 'वागाशी दिन' म्हणून पाळतात. वागाशी म्हणजे जपानी मिठाई. तोरायात त्या सुमारास सात मिठायांचा खास संच मिळतो.

पान खायचं की काढायचं?

साकुरा-मोचीभोवतीचं चेरीचं पान मीठ लावून मुरवलेलं असतं, ते खातात. खारट-गोड चव हवीच असते. काशिवा-मोचीचं ओकचं पान चामड्यासारखं असतं, ते काढून टाका. बांबूचं पानही काढायचं.

आधी चहा की आधी मिठाई?

आधी मिठाई. चहाच्या विधीत ती संपवून मगच मात्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड घोटून केलेला चहा, पितात, म्हणजे तोंड गोड असताना कडू चहा येतो. दाट चहाबरोबर ओली मिठाई, पातळ चहाबरोबर कोरडी. चहागृहात कुरोमोजी झाडाची लाकडी काडी मिळते. ती ओलसर ठेवतात, म्हणजे वाटण चिकटत नाही. तिने मिठाईचे दोन-तीन तुकडे करून खायचे.

एवढीशी मिठाई इतकी महाग का?

मोठी बांबूच्या सालीत गुंडाळलेली योकानची वडी काही हजार येनला जाते, छोटी काही शे येनला. पैसे कुठे जातात ते मालाकडे बघितलं की कळतं. पांढऱ्या वाटणासाठी तोराया साधा पांढरा राजमा वापरत नाही, पांढरी आझुकी वापरते. ती लावायला कटकटीची, उत्पन्न कमी. म्हणून गुन्मा आणि इबाराकी प्रांतांतल्या शेतकऱ्यांशी करार करून मुद्दाम लावून घेतात. कानतेन हिवाळ्यात उघड्यावर रात्री गोठवून, दिवसा वितळवून सुकवलेलं असतं. ते गिफू-नागानोच्या थंडीतच जमतं. शेजारच्या सुपरमार्केटात पाचपट स्वस्त योकान असतं आणि तेही वाईट नसतं. पण दोन्ही एका दिवशी शेजारी ठेवून खाल्लीत तर वाटणाच्या मऊपणातला फरक लगेच कळतो.

माफी मागायला योकान नेतात म्हणे?

नेतात. जपानी कचेऱ्यांत हे सर्वांना ठाऊक असतं: ग्राहकाकडे मोठी चूक झाली की वरिष्ठ तोरायाचा डबा घेऊन जातात. डबा हाताला जड लागतो, दुकानाचं नाव मोठं, आणि मिठाई टिकते, त्यामुळे ज्याला दिली त्याच्यावर ती आजच संपवायची सक्ती होत नाही. तुम्ही जपानी सहकाऱ्याला भेट म्हणून नेलीत तर गैरसमज होण्याची भीती बाळगू नका. लग्न, बढती, भेटीगाठी, सगळीकडे तोच डबा जातो.

पाचशे वर्षं एकच दुकान टिकतं कसं?

परंपरा जपली म्हणून, असं उत्तर देऊन लोक मोकळे होतात. मला ते अपुरं वाटतं. तोरायाने दोन गोष्टी केल्या: लिहून ठेवलं आणि बदलत राहिले.

लिहिण्याबद्दल. 1695 मधलं मिठायांच्या रंगीत चित्रांचं पुस्तक त्यांच्याकडे आजही आहे. गिऱ्हाईक ते बघून मागणी देई. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचा आकार आणि नाव आज पुन्हा करता येतं, आणि ते करतातही. नवव्या वारसाने 1805 मध्ये दुकानाचे जुने नियम नव्याने लिहून काढले. त्यात हात आणि तोंड वारंवार धुण्याचा नियम आहे, राजवाड्याचं गिऱ्हाईक असो की गावातलं, दोघांशी सारख्याच अदबीने वागण्याचा आहे, आणि एखाद्या नोकराला चांगली सूचना सुचली तर ती लिहून द्यावी असाही आहे. 1973 मध्ये त्यांनी या कागदपत्रांसाठी तोराया बुन्को हे संग्रहालयवजा दफ्तरखानं उभारलं. मिठाईच्या इतिहासावर काम करणाऱ्यांना ते फार उपयोगी पडतं.

बदलाबद्दल. राजधानी हलली तेव्हा क्योतोला चिकटून बसणं सोपं होतं, ते बसले नाहीत. 1926 मध्ये मित्सुबिशीच्या इवासाकी घराण्यातल्या बाईंनी मागणी केली म्हणून गोल्फच्या चेंडूसारखं मोनाका केलं. युद्धात साखर रेशनवर गेली, तेव्हा लष्कर आणि आरमारासाठी योकान करून कारखाना चालू ठेवला. 1980 मध्ये पॅरिसमध्ये दुकान काढलं आणि तिथे अंजिराचं योकान तयार झालं. सगळेच बदल चालले नाहीत: न्यूयॉर्कचं दुकान 1993 मध्ये उघडलं आणि 2003 मध्ये बंद झालं.

मुलांना काय द्यावं?

तेच गोल्फ-चेंडूचं मोनाका, 'होल इन वन'. तांदळाचा कुरकुरीत पातळ कवच, आत वाटण. दोन हातांनी धरून खावं लागतं आणि कपड्यांवर भुगा पडतो. मुलांना तेवढं पुरतं.

किती टिकतं, आणि भारतात कसं आणायचं?

तोरायाचं न उघडलेलं योकान साधारण वर्षभर, फ्रिजशिवाय. साखर जास्त, पाणी बांधलेलं आणि गरम असतानाच हवाबंद केलेलं. कानतेन एकदा घट्ट झालं की मुंबईच्या उन्हात वितळत नाही, त्यासाठी सुमारे 85 अंशांची उष्णता लागते. उघडल्यावर मात्र क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. कापलेल्या कडेला साखरेचे पांढरे स्फटिक धरतात, ते खराब नसतं.

कोम्पेइतो आणि कोरडी मिठाई महिनोन्महिने. कांकिदान तीनेक आठवडे. नेरिकिरी, किन्तोन, मोची हे त्याच दिवशीचे, फार तर दुसऱ्या दिवशीचे. ते विमानात घालून आणायचा मोह आवरा आणि तिथेच बसून खा. जड वड्या चेक-इन सामानात टाका, हातातल्या पिशवीत तपासणीला उगाच खोळंबा होतो.

टोकियो-क्योतोत कुठे जाऊ?

वेळ एकाच जागेला असेल तर क्योतोचं इचिजो. जुन्या राजवाड्याच्या पश्चिमेला, आधीपासूनच्या जागेजवळ. चहागृहाच्या काचेतून बाग आणि बागेतलं इनारी या धान्याच्या देवतेचं छोटं देऊळ दिसतं. टोकियोत आकासाकाचं दुकान, 2018 मध्ये वास्तुकार हिरोशी नाइतो यांनी नव्याने बांधलेलं, आत हिनोकी लाकूड, वरच्या मजल्यावर चहागृह. निशी-कासाइ या भारतीयांची वस्ती असलेल्या भागात राहणाऱ्यांना किंवा घाईत असलेल्यांना टोकियो स्टेशन हॉटेलमधली शाखा सोयीची. फुजीकडे जाणार असाल तर गोतेम्बाची तोराया कोबो: बांबूच्या बनातली जागा, तिथे दोरायाकी आणि मान्जू समोरच करतात. त्यातल्या दोरायाकीत अंडं असतं, तेवढं ध्यानात ठेवा.

योकान घरी करता येईल का?

येईल, आणि करून बघाच. आझुकी न मिळाल्यास लाल चवळी घ्या. चव थोडी वेगळी येते, पोत छान येतो.

पाव किलो कडधान्य उकळी आणून पहिलं पाणी ओता, नाहीतर तुरटपणा राहतो. नवं पाणी घालून बोटाने सहज चिरडेल इतकं शिजवा. पुरणयंत्रातून काढून मग बारीक चाळणीतून पाण्यासह गाळा, म्हणजे सालं मागे राहतील. गाळलेलं भांडं अर्धा तास स्थिर ठेवा, वरचं पाणी हलकेच ओतून टाका, तळाचा गाळ फडक्यात घट्ट पिळा. त्यात वजनाच्या साधारण सत्तर टक्के साखर घालून मंद आचेवर घोटा. कालथ्यावरून पडलेल्या गोळ्याचा डोंगर तसाच उभा राहिला की वाटण तयार.

आता चायना ग्रासची पूड 4 ग्रॅम आणि पाणी 250 मिलिलिटर एकत्र करून दोन मिनिटं खळखळून उकळा. साखर आधी घालू नका, चायना ग्रास नीट विरघळत नाही आणि वडी मऊ पडते. पूर्ण विरघळल्यावर 100 ग्रॅम साखर, मग 500 ग्रॅम वाटण. मंद आचेवर न थांबता ढवळत राहा. कालथा ओढल्यावर क्षणभर भांड्याचा तळ दिसला की उतरवा. भांडं थंड पाण्यात ठेवून ढवळत थोडं निववा, नाहीतर वाटण खाली बसतं आणि वर पारदर्शक थर येतो. ओल्या केलेल्या डब्यात ओता, वरचे बुडबुडे काडीने फोडा, आणि बाहेरच घट्ट होऊ द्या. दुसऱ्या दिवशी कापा, पहिल्या दिवशी गोडी आणि कडधान्य वेगवेगळे लागतात.